पांढऱ्या बस्त्यातला माणूस

दस्तगीरचाचा, आज कचेरीत एक मिसल सापडली नाही.

नवल वाटलं ना? मलाही वाटलं. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका बांधाच्या भांडणाचे कागद साहेबांनी मागवले. तुमच्या जागी आलेला नवा दफ्तरी आत गेला. शिडी सरकवल्याचा आवाज आला, कापडात बांधलेले बस्ते झटकल्याचा आला, मग शिंकांचा आला. तासाभरानं तो डोक्याला कोळ्याची जाळी लावून बाहेर आला आणि म्हणाला, "न्हाय सापडत." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी सवयीनं दाराकडं. तिथं तुम्ही उभे असायला हवे होतात, काखेत बस्ता, आणि चेहऱ्यावर असा भाव की कागद मागायला साहेबांनीच उशीर केला. दारात कोणी नव्हतं. माकणीला येऊन तुमच्यावर मूठभर माती टाकून आलो होतो, तिसऱ्या दिवशी जियारतीला फुलं ठेवून आलो होतो, तरी तुम्ही गेलात हे मला आज त्या रिकाम्या दाराकडं बघताना कळलं.

तुमच्याशी माझं भांडण अर्धवट राहिलंय. म्हणून लिहितोय. तुम्ही असता तर लिहिलेलं वाचलं नसतं, वाचून दाखवा म्हणाला असता. तसं समजा.

निजामाच्या राज्यातली आपली ती तालुका कचेरी आठवली की मला आधी बैठक आठवते. माणूस किती मोठा आहे हे तो कशावर बसतो यावरून ठरायचं. तहसीलदारांना हातांची खुर्ची. त्यांच्या हाताखालच्या पेशकारांना बिनहातांची. आम्हा कारकुनांना सतरंजी आणि पुढ्यात उतरतं मेज. आणि त्याखालच्या मंडळींना, म्हणजे दफ्तरी, चपराशी, भिश्ती, पंखेवाला यांना, दोन पाय. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला म्हणालो, "चाचा, टेका की जरा." तुम्ही हसलात. "बसलं की उठावं लागतंय, मुन्शीजी. उभा माणूस तयारच असतोय." मला ते बोलणं तेव्हा लाचारीचं वाटलं होतं. कारकुनी लागल्याची ऐट होती अंगात, दुसरं काय!

तुमची सगळी बढती तुम्ही मला एकदा तीन शब्दांत सांगितली होती. आधी पंखा, मग पट्टा, मग किल्ली. कोवळ्या वयात तुम्ही व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून तहसीलदारांच्या डोक्यावरचा पंखा दोरीनं ओढत होता. मग छातीवर चपराशाचा पट्टा आला आणि तुम्ही समन्स घेऊन लोहाऱ्यापर्यंत पायी जाऊ लागलात. मग दफ्तराच्या खोलीची किल्ली कमरेला आली. त्यापुढं तुमच्यासाठी पायरीच नव्हती. मी विचारलं, "एवढीच?" तर म्हणालात, "एवढीच कशी? आमच्यात बढती म्हंजे उनातनं सावलीत येणं. म्या तर पार आतल्या खोलीत आलोय."

आणि त्या आतल्या खोलीत तुम्ही जे करत होता ते मी दहा वर्षं जवळून पाहिलं. तरी ते कसं करत होता हे मला आजही सांगता यायचं नाही. तुम्हाला मिसलींवरची शीर्षकं वाचता येत होती: माणसाचं नाव, गाव आणि फसली, म्हणजे सरकारी महसुली साल. त्यांच्या आतली उर्दू तुम्हाला लागत नव्हती. शाळा तुम्ही पाहिलेली नव्हती. शीर्षकं वाचायलाही तुम्ही त्या खोलीतच शिकलात, बस्ता बांधता बांधता. पण कुठल्या कापडात काय आहे, कुठल्या वर्षी कुठल्या कोपऱ्याला वाळवी लागली होती, कुठल्या मिसलीचं शेवटचं पान फाटकं आहे, हे सगळं तुमच्या बोटांना माहीत होतं. प्रत्येक खणात तुम्ही कडुलिंबाचा वाळला पाला ठेवायचात आणि पाला बदलायची पाळी आली की आम्हालाच दरडावायचात, "मुन्शीजी, पंधरा रोज खोलीत तंबाकू न्हाय, पाल्याचा वास मरतोय."

ती लोहाऱ्याकडची म्हातारी आठवते? तिला जमिनीच्या कागदाची नक्कल पाहिजे होती आणि साल ठाऊक नव्हतं. पेशकारांनी हात झटकले. मीही शहाणपणानं सांगितलं की बाई, सालाशिवाय कागद निघत नाही. तुम्ही तिला ओट्यावर नेलंत आणि विचारायला लागलात.

"मावशी, तवा तुमचं कोणतं लेकरू अंगावर व्हतं?"

"थोरली. नुकती रांगत व्हती."

"पाऊस कसा व्हता त्या साली?"

"कुठला पाऊस बाबा! बैल इकलं आमी. आन् टोळ आले ते त्याच्या म्होरल्या साली."

"बास झालं," म्हणालात आणि आत गेलात. तिचं पाणी पिऊन होतं न होतं तोच कागद घेऊन बाहेर आलात. मी थक्क झालो. तुमच्या डोक्यात सालं आकड्यांची नव्हतीच. टोळांचं साल, तापाचं साल, विहिरी आटल्याचं साल, अशी ती सगळी जिल्ह्याची सुखदुःखं ओळीनं लावलेली होती, आणि फसलीचा आकडा तुम्ही शेवटी नुसता वरून चिकटवायचा. त्या दिवशी मी सतरंजीवर बसून मान खाली घातली. माझ्याजवळ मॅट्रिकचा दाखला होता.

आता त्या दिवसाकडं येतो. यायलाच पाहिजे.

आपल्या कचेरीचा एक जुना रिवाज होता. कोणी पाडला माहीत नाही, दुसऱ्या कचेरीत होता की नाही तेही माहीत नाही. जमिनीचे कागद आणि तहसीलदारापासून कारकुनापर्यंतच्या नेमणुकांचे कागद लाल कापडात बांधायचे. ते कायमचे. दफ्तरी, चपराशी, भिश्ती, पंखेवाला यांच्या नेमणुकांचे कागद पांढऱ्या कापडात. ठरलेली वर्षं भरली की ते जाळायचे. म्हणजे जिवंतपणी ज्याला सतरंजी मिळायची नाही, त्याच्या कागदालाही फडताळात जास्त दिवस बसायची परवानगी नव्हती. मला हे तेव्हा सुचलं नव्हतं. आत्ता लिहिताना सुचतंय.

माझ्या नोकरीचं पहिलंच वर्ष. थंडीची सकाळ. कचेरीमागं चिंचेखाली तुम्ही खड्डा करून ठेवला होता. रीत अशी की कारकुनानं यादी वाचायची, दफ्तरीनं तो बस्ता उचलून दाखवायचा, कारकुनानं खूण करायची आणि बस्ता आगीत. मी ऐटीत वाचत होतो. हात शेकत होते, मजा वाटत होती. एक बस्ता तुम्ही उचललात आणि तो जरा जास्त वेळ हातात धरलात. मी म्हणालो, "काय झालं चाचा, भारी आहे का?"

"न्हाय," तुम्ही म्हणालात. "हलकाच हाय."

मी खूण केली. तुम्ही बस्ता टाकलात. तुमचा हात जराही थरथरला नाही, हे मला लख्ख आठवतं. सगळं उरकल्यावर राख सारखी करत तुम्ही मला एवढंच म्हणालात, "मुन्शीजी, म्होरल्या साली बस्ता उघडून बघा आन् मग खूण करा. वरचं नाव बघून करू नका." मला राग आला. दफ्तरी मला काम शिकवतो! पण पुढल्या वर्षापासून मी उघडून बघायला लागलो आणि ती सवय पुढं मला फार उपयोगी पडली. कारकुनीत माझं जे थोडंफार नाव झालं, ते त्या एका सवयीनं झालं.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. पावसाळा सरता सरता पोलीस अॅक्शन झाली आणि चार दिवसांत राज्य गेलं. तहसीलदार निघून गेले, पेशकार निघून गेले, कारकून आपापल्या गावी. त्या दिवसांत तुमच्या नावाच्या माणसानं रस्त्यावर दिसणं जिवावरचं होतं. कालपर्यंत सलाम घेणारी माणसं नजर चुकवत होती. मी लपत छपत कचेरीत आलो, तर दफ्तराच्या खोलीला आतून कडी. हाक मारली तेव्हा तुम्ही दार किलकिलं केलंत.

"चाचा, माझ्या घरी चला. माझ्या घरात तुम्हाला कोणी हात लावणार नाही."

"आन् ह्येंला?" तुम्ही मागं फडताळांकडं बोट केलंत.

"कागदांना काय होतंय!"

"लोकांच्या जमिनी हायेत ह्येच्यात, मुन्शीजी. हिंदूच्या बी, मुसलमानाच्या बी. ह्ये जळाले तर म्होरं भाऊ भावाला वळखायचा न्हाय. चाचीला म्या माकणीला धाडलंय. तिथं तिचे भाऊ हायेत, गाव बी चांगलं हाय. तुमी जावा."

मी गेलो, चाचा. भ्यालो होतो. तुम्ही आठ दिवस त्या खोलीत ज्वारीच्या लाह्या आणि पाण्यावर काढलेत. नवा अंमलदार आला तेव्हा तुम्ही त्याला कमरेची किल्ली दाखवलीत आणि म्हणालात, "साहेब, पावती द्या." तो गोरागोमटा, दुसऱ्या प्रांतातला तरुण माणूस चक्रावला. किल्ली ताब्यात मिळाल्याची पावती त्यानं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिली आणि तुम्ही ती बघून घेतल्यावरच कमरेची गाठ सोडलीत. हे मला चपराशानं सांगितलं. त्याला हसू आवरत नव्हतं. मी मात्र शरमून तोंड फिरवलं होतं.

पुढं नवं सरकार घडी बसवू लागलं. उर्दूची मराठी झाली, हुद्द्यांची नावं बदलली, दर्जे नव्यानं लावायचं ठरलं. वरून हुकूम आला: खालच्या नोकरांपैकी जे मुस्तकिल, म्हणजे कायम, त्यांना नव्या दर्जात घ्यायचं. जे आरझी, म्हणजे तात्पुरते, त्यांना काढायचं. कायम असल्याचा कागद ज्यानं त्यानं दाखवायचा. यादी करायचं काम माझ्याकडं आलं. मी तुमचं नाव अगदी वर लिहिलं. तुमच्याविषयी शंकाच नव्हती.

"चाचा, तुमचा कायम केल्याचा हुकूम काढा."

"न्हाय."

"म्हणजे? कुठल्या बस्त्यात आहे तेवढं सांगा, मी काढतो."

"कुठल्याच न्हाय. जळाला तो. तुमच्या म्होरंच की."

मला काही क्षण उमगलंच नाही. मग ती थंडीची सकाळ आठवली, तो जरा जास्त वेळ हातात धरलेला बस्ता आठवला.

"तुम्हाला माहीत होतं त्यात तुमचा कागद आहे?"

"बस्ता म्याच बांधला व्हता. मला न्हाय तर कुणाला ठाव?"

"मग काढून घ्यायचा होता! एक कागद! कुणाला कळलं असतं?"

"कामून काढायचा?"

"तुमचा होता म्हणून!" मी ओरडलो. सगळी कचेरी ऐकत होती.

तुम्ही शांतपणे पाल्याची जुडी खाली ठेवलीत. "त्याच बस्त्यात भिश्त्याचा व्हता. पंखेवाल्याचा व्हता. त्येंचे जाळायचे आन् माझा ठिवायचा? मंग ह्या खोलीची किल्ली माझ्याजवळ कशापायी? लोक म्हणतील, दफ्तरीनं सोताचा कागद वाचवला, आणिक कुणाकुणाचा वाचवला आसंल, कुणाचा जाळला आसंल."

"मला तरी सांगायचं होतं!"

"तुमी नवे व्हताव. सांगितलं असतं तर तुमी काढून ठेवला असता. तुमचं काळीज मऊ हाय. नोकरीच्या पयल्याच साली तुमच्या हातनं यादी खोटी झाली असती. ते मला नको व्हतं."

आणि ती खूण कोणी केली होती? बस्ता न उघडता खूण करणारा मी. तुमची सगळी नोकरी मी हात शेकत शेकत जाळली होती, आणि त्यानंतर दहा वर्षं तुम्ही मला रोज सकाळी सलाम केलात, माझ्या मुलीच्या बारशाला गूळ घेऊन आलात, आणि त्याविषयी एक अक्षर काढलं नाहीत. माणूस इतका मोठा असू शकतो यावर माझा तोवर विश्वास नव्हता. थोर माणसं पुस्तकात असतात असं मला वाटायचं. माझ्या शेजारी एक उभं होतं, आणि मी त्याला दोनदा हाक मारून पाणी मागवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि मोटारीनं नळदुर्गला गेलो. तुम्हाला कायम केलं त्या वेळचे पेशकार निवृत्त होऊन किल्ल्याजवळच्या गल्लीत राहत होते. डोळ्यांत मोतीबिंदू, अंगणात खाट, हातात जपाची तसबीह. तुमचं नाव घेताच ते उठून बसले.

"दस्तगीर? वो पंखेवाला? अरे, उसका पंखा कब्बी नै रुकता था. सब पंखेवाले सो जाते थे, वो नै सोता था." मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "उसकू मैंच पक्का करा. लाओ कागज."

कागद डोळ्यांशी धरून त्यांनी जबानी लिहिली, सही केली, आणि मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या मोटारीत मी कागद नीट वाचला. साल चुकलं होतं. तुम्ही दफ्तरी झालात त्याच्या दोन वर्षं आधीचं साल त्यांनी घातलं होतं. म्हाताऱ्या माणसाचा विसर असेल, की मायेनं केलेलं असेल, अल्ला जाणे. मला ते कळलं होतं, चाचा, आणि मी गप्प बसलो. म्हटलं, बरंच झालं. दोन वर्षं जास्तीची, चाचांच्याच पदरात.

तुम्ही म्हणालात, "वाचून दाखवा." मी वाचला. सालाशी आलो तसे तुम्ही हात वर केलात.

"त्या साली म्या चपराशी व्हतो, मुन्शीजी."

"असू द्या हो! कोण तपासणार आहे?"

"कोणी न्हाय. म्हणूनच."

"चाचा, महिनाअखेरीला यादी जाणार आहे!"

"त्या साली दफ्तरी काशिनाथ व्हता. खोकल्यानं गेला बिचारा. त्येची दोन वर्सं म्या कशी घिऊ? त्येचा कागद बी जळाला, त्येचं लेकरू बी न्हाय. ती दोन वर्सं तेवढी हायेत त्येची."

त्या वेळी तुमच्यापुढं वाकायला हवं होतं. मी काय केलं? मी मेजावर हात आपटला. म्हणालो, "तुमच्या इमानदारीनं तुमचं घर उपाशी मरेल आणि मला पाप लागेल." म्हणालो, "हट्टी आहात तुम्ही, दुसरं काही नाही." तुम्ही बस्ता उचलून आत गेलात. मी पुन्हा नळदुर्गला गेलो. पेशकारांकडून साल दुरुस्त करून घेतलं, कागद वर पाठवला. साहेब भले. त्यांनी निकाल लागेपर्यंत तुम्हाला कामावर ठेवलं. पण त्या दुरुस्तीपायी पहिल्या यादीची तारीख हुकली होती, तुमचं प्रकरण मागं पडलं होतं, आणि मी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं.

आठ दिवस. "अमुक साल, तमुक गाव," एवढंच. तुम्ही बस्ता आणून ठेवायचा, मी मान वर करायची नाही. एका दुपारी तुम्ही माझ्या मेजाशी घुटमळलात. काहीतरी सांगायचं होतं. मी लिहीतच राहिलो. त्या आठवड्यात तुम्हाला ताप भरला, तुम्ही माकणीला गेलात, आणि मग माकणीहून सायकलवर निरोपच आला.

काय सांगायचं होतं, चाचा? मी चाचींना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. पाला बदलायची पाळी आली होती, कदाचित तेवढंच असेल. पण मी मान वर केली असती तर मला कळलं असतं. हे शल्य आता माझ्याबरोबरच जाईल.

परवा तुमचा निकाल आला. खऱ्या तारखेपासून कायम. नव्या सरकारचा शिक्का, नव्या साहेबांची सही, आणि मराठीत तुमचं पूर्ण नाव. तुमच्या साऱ्या नोकरीत असं नाव कोणी लिहिलं नव्हतं. काल नक्कल घेऊन माकणीला गेलो. चाची ओसरीवर तुरी पाखडत होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे पक्के झाले?"

"व्हय, चाची. पक्के."

त्यांनी हाताला चिकटलेली फोलपटं झटकली. मग म्हणाल्या, "मेल्यावर समदेच पक्के, मुन्शीजी. तिथनं कोण काढतंय?" आणि हसल्या. हसता हसता पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या, आणि मलाही आवरेना. मी निघालो तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडून घेतला, डोळ्यांना लावला आणि कुराणाच्या खाली ठेवला. आता त्यांना दाराशी कोणी विचारलं की तुमचा माणूस कोण होता, तर सांगायला सरकारी अक्षर आहे. एवढं तरी झालं.

उरली अस्सल प्रत. ती आपल्या कचेरीतच ठेवायची. रिवाज अजून कोणी बदललेला नाही. बदलावा म्हणून मी साहेबांना अर्ज लिहिलाय, पण बदलेल तेव्हा बदलेल. परवाच मी ती प्रत घेऊन खोलीत गेलो, आणि तुम्हाला खरं सांगतो, सरळ लाल बस्त्यात घातली. तहसीलदारांच्या नेमणुकीच्या शेजारी. गाठ मारली. म्हटलं, बसा चाचा, आता निवांत बसा, तुम्हाला कोणी उठवणार नाही. दोन दिवस तसाच मिरवलो.

आज कचेरी सुटायच्या आधी पुन्हा आत गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. ती गाठ सोडायला मला फार वेळ लागला, कारण मी ती फार घट्ट मारली होती. तुम्ही असता तर काय म्हणाला असता हे मला शब्दान् शब्द ठाऊक होतं: "भिश्त्याचा पांढऱ्यात आन् माझा लालमधी?" भांडण तुम्ही जिंकलात.

तुमचा हुकूम पांढऱ्या कापडात बांधलाय. वर्षं भरतील आणि रिवाज तसाच असेल, तर चिंचेखाली पुन्हा खड्डा होईल. मी तोवर या कचेरीत असलो तर त्या दिवशी यादी दुसऱ्याला वाचू देईन. बस्ता मी उचलीन. या वेळी आत काय आहे ते मला माहीत असेल. टाकीन मी, चाचा, शब्द देतो. पण तुमच्यासारखा माझा हात स्थिर राहायचा नाही. तेवढी मला माफी असू द्या.